पहिला काप

चेनसॉच्या साखळीला हातानं धार लावणं मला येतं. आयुष्यात फार थोड्या गोष्टींबद्दल मी इतकं ठामपणे बोलतो. शेती मी बरी करतो, संसार जमला तसा केला, पण कानस हातात घेतली की माझा हात चुकत नाही, हे देऊळघाटात आणि आजूबाजूच्या गावांत कुणीही सांगेल. लोक साखळ्या पिशवीत घालून आणून देतात. विजेवर चालणारं धार लावायचं यंत्र आता बुलढाण्यात आलं आहे, त्यावर काम झटपट होतं, तरी लोक माझ्याकडे येऊन दुपारभर थांबतात. त्यांनी कौतुक केलं की मी मान खाली घालतो. त्यांना तो माझा साधेपणा वाटतो. कारण वेगळं आहे. ज्या माणसाच्या हातावरून मी हे शिकलो तो अजून आमच्या ओट्यावर बसलेला असतो, आणि तो तिथं आहे तोवर हे सगळं खरं खरं लिहून काढावं असं मी ठरवलं आहे.

आमचं घर म्हणजे एका अंगणाच्या दोन बाजू होत्या. एका बाजूला बाबा, माय आणि मी. समोरच्या बाजूला मोतीरामकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, आणि काकू. त्यांची मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती, त्यामुळे त्या घरातही मीच पोरगा होतो. चुली दोन होत्या, पण दोन्हीकडचं जेवण मला तोंडपाठ होतं. मायच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि खलबत्त्यात कुटलेला मिरचीचा ठेचा, आणि काकूच्या हातची पातोडी. बेसनाच्या वड्या आणि वर तांबडाजाळ रस्सा, असा की खाणाऱ्याचं नाक वाहायला लागावं. बाबांना पातोडी फार आवडायची. ज्या दिवशी काकू ती करायची त्या दिवशी पितळी वाटी ताटलीनं झाकून अंगण ओलांडून आमच्याकडे यायची. परत जाताना तिच्यात मायचं काहीतरी असायचं, निदान मूठभर शेंगदाणे तरी. दोघी जावांमध्ये बोलाचाली झाली तरी वाटीचं येणंजाणं थांबत नसे.

सकाळी मला जाग यायची ती दोन आवाजांनी. गोठ्यात काका म्हैस काढायला बसलेले असायचे आणि बादलीत दुधाच्या दोन धारा आळीपाळीनं पडायच्या, एक उजव्या हाताची, एक डाव्या हाताची, मध्ये श्वासाइतकीही फट नाही. थोड्या वेळानं आमच्या ओट्यावरून बाबांच्या कानशीचा आवाज यायचा. सर्र, मग जरा थांबणं, पुन्हा सर्र. काका गोठ्यातून ओरडून विचारायचे, "भाऊ, झाडं कापायची का दाढी करायची?" बाबा उत्तर द्यायचे नाहीत. हातातला दात पुरा झाल्याशिवाय ते कुणाशीच बोलत नसत.

उन्हाळ्यात शेतं रिकामी झाली की दोघं भाऊ झाडं कापायच्या कामाला जात. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाळलेला निंब, वाऱ्यानं पडलेली बाभूळ, विहिरीत मुळ्या शिरलेलं उंबर. मालकाकडचा परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय बाबा झाडाला हात लावत नसत. माझ्या लहानपणी त्यांच्याकडे दोघांनी ओढायचा लांब आरा होता, एका टोकाला बाबा आणि दुसऱ्या टोकाला काका. मग चेनसॉ आली. आमच्याकडे तिला सगळे नुसतं मशीन म्हणायचे. मशीन चालवायला एकच माणूस लागतो, तेव्हा भावाभावांनी काम वाटून घेतलं. कापायचं काकांनी, धार लावायची बाबांनी.

मशीनबरोबर दुकानदारानं धार लावायचं एक हत्यार दिलं होतं. लोखंडी चौकट, तिला खाली दोन चाप, चाप आवळायला स्क्रू, वर कोनाच्या खुणा कोरलेली चकती, आणि चौकटीतून सरकणारी गोल कानस. साखळी ज्या लांब पट्टीभोवती फिरते त्या पट्टीवर ते हत्यार मांड ठोकल्यासारखं बसायचं, म्हणून बाबांनी त्याचं नाव घोडी ठेवलं. आधी मायच्या डब्यातली नीळ ओली करून एका दाताला टिपका द्यायचा, म्हणजे सुरुवात कुठून केली ते विसरत नाही. सगळ्यांत झिजलेला दात शोधायचा, कारण बाकीच्या दातांना त्याच्याइतकं व्हावं लागतं. घोडी आवळायची, तिचा अडसर दातामागं टेकवायचा, आणि कानस आतून बाहेर ढकलायची. फक्त पुढं. मागं आणताना ती उचलून आणायची, घासत आणली तर कानशीचेच दात मरतात. प्रत्येक दाताला तीन हात. पहिल्या दाताला तीन दिले तर शेवटच्याला चार देण्याचा मोह टाळायचा. एका बाजूचे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. एक बाजू जास्त घासली गेली तर काप सरळ जात नाही, एका अंगाला वळतो.

घोडीची निगा हे वेगळं काम होतं. रोजच्या वापरानंतर जुन्या ब्रशनं लोखंडाचा कीस झाडायचा. कानशीवर खडू घासायचा, म्हणजे कीस तिच्या खाचांत बसत नाही. आठवड्यातून एकदा घोडी खोलून घासलेटात धुवायची, पुसायची, आणि स्क्रूंना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. कानशीला मात्र तेलाचं बोटही लागू द्यायचं नाही. कानशी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मायनं जुन्या धोतराच्या कापडाचे कप्पे शिवून दिले होते. आज माझ्याकडे येणारी पोरं महागातल्या कानशी स्क्रूच्या डब्यात खुळखुळवत आणतात आणि म्हणतात, धार टिकत नाही. मी त्यांना आधी कापड शिवून आणायला पाठवतो.

आता ज्या गोष्टीवर हे सगळं घडलं ती सांगतो. साखळीच्या प्रत्येक दातापुढं एक लहान उंचवटा असतो. दातानं लाकडात किती खोल जायचं ते तो ठरवतो. बाबा त्याला राखणदार म्हणत. दात झिजत जातो तसा राखणदारही थोडा उतरवावा लागतो, नाहीतर दात लाकडापर्यंत पोचतच नाही आणि मशीन नुसती पिठासारखा भुसा पाडत बसते. पण तो उतरवायचा चार-पाच धारांनंतर एकदा, चपट्या कानशीनं, आणि साखळीवर पोलादाचं छोटं माप ठेवून. मापाच्या फटीतून जेवढा वर येईल तेवढाच घासायचा. तो जास्त उतरला तर दात लाकडात नको तितका घुसतो, अडकतो, आणि सगळी मशीन उसळून माणसाच्या अंगावर येते. हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पुरतं माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कुठंही म्हणणार नाही.

आणि घरातली एक रीत होती, आऱ्याच्या काळापासूनची. ज्यानं धार लावली त्यानं पहिला काप स्वतः घ्यायचा. गोठ्याशेजारी बाभळीचं एक ओंडकं त्यासाठीच ठेवलेलं असे. धार लावून झाली की बाबा मशीन सुरू करून त्यावर एक काप घेत, खाली पडलेला भुसा चिमटीत धरून पाहत, आणि मगच मशीन काकांच्या हातात देत. काकाही न चुकता विचारत, "घेतला का पहिला काप?" बाबा "हाव" म्हणत. इतकी वर्षं हा एका शब्दाचा व्यवहार त्या दोघांत चालला होता. मला लहानपणी तो पूजेच्या शेवटी म्हणायच्या वाक्यासारखा वाटायचा.

त्या उन्हाळ्यात संग्रामपूरला माझ्या मावशीकडे लग्न होतं. मी बुलढाण्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो आणि परीक्षा संपवून घरी आलो होतो. बाबा आणि माय लग्नाला गेले आणि चार दिवसांसाठी धार लावायचं काम माझ्याकडे आलं. निघताना बाबांनी धारेच्या सामानाची पेटी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "सुधाकर, दाताले तीन-तीन हात मार. राखणदाराले हात लावू नोको. ते मी आल्यावर पाहतो." एरवी ते मला सुध्या म्हणायचे. पूर्ण नाव घेतलं म्हणजे काम माझ्यावर सोपवलं, असा मी अर्थ घेतला आणि छाती फुगली.

काम धाडच्या शिवारात होतं. बांधावरची एक जुनी, उभ्यानं वाळलेली चिंच. मालकाला नांगरटीआधी जागा मोकळी हवी होती म्हणून त्यानं धाडच्याच गणपतलाही त्याची मशीन घेऊन बोलावलं होतं. गणपत चाळिशीचा, अंगानं आडवा, तोंडानं सैल माणूस. त्याची मशीन नवी आणि मोठी. चिंचेचं वाळलेलं लाकूड म्हणजे दगडच, त्यात आमची साखळी झिजत आलेली. पहिल्या दिवशी काका एका फांदीत अडकले होते तेवढ्यात गणपतनं दोन फांद्या खाली पाडल्या आणि घाम पुसत म्हणाला, "मोतीरामभाऊ, तुमची मशीन झाड कापून राह्यली का खाजवून राह्यली?"

सगळे हसले. सगळ्यांत जास्त काका हसले. "झाडाले खाज सुटली होती लेका," ते म्हणाले, "म्हणून तर मले बोलावलं. कापायले तू आहेच." मालकानं चहा मागवला, विषय तिथंच संपला. त्यांच्यासाठी संपला. मी मात्र परतीच्या जीपमध्ये सगळा रस्ता ते खाजवणं ऐकत बसलो.

घरी आलो तेव्हा अजून ऊन होतं. ओट्यावर कापड अंथरून मी घोडी बसवली. नीळ लावली, सगळ्यांत झिजलेला दात शोधला, प्रत्येक दाताला तीन हात दिले. ते काम मी चांगलं केलं, आजही मी त्याला नावं ठेवणार नाही. दात उन्हात चमकत होते. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण मला गणपतपेक्षा जोरात कापणारी मशीन हवी होती, आणि ती कशी होते ते मला माहीत होतं. मी चपटी कानस काढली. माप पेटीत समोर पडलेलं होतं, ते तसंच राहू दिलं, कारण माप लावलं असतं तर त्यानं मला थांबवलं असतं. एकेका राखणदाराला आठ-आठ, दहा-दहा हात मारले. कापडावर लोखंडाचा बारीक कीस चकाकत होता आणि मला त्याचं फार समाधान वाटत होतं. समोरून काकूनं हाक मारली, "सुध्या, ये बापा जेवाले, पातोडी केली." माय-बाबा घरी नव्हते म्हणून चार दिवस माझं जेवण तिच्याकडे होतं. मी पेटी बंद केली. बाभळीचं ओंडकं तिथंच होतं, दहा पावलांवर. पहिला काप घ्यायला दोन मिनिटं लागली असती. मी तो घेतला नाही, कारण तो मला दुसऱ्या दिवशी गणपतच्या डोळ्यांसमोर घ्यायचा होता.

पण दुसऱ्या दिवशी शेतात पोचल्यावर मी पाण्याचे कॅन उतरवत होतो तेवढ्यात काकांनी मशीन उचलली. आदल्या दिवशी खाली पाडलेली एक जाड फांदी त्यांना आधी तोडायची होती. गणपत शेजारी बिडी ओढत उभा होता, मालक होता, आणखी दोन माणसं होती. काकांनी नेहमीसारखं विचारलं, "पहिला काप घेतला ना बे?"

मी "हाव" म्हणालो.

नाही म्हणालो असतो तरी काही बिघडलं नसतं. काकांनी मशीन माझ्या हातात दिली असती, घे म्हणाले असते, आणि मला हवा होता तो काप मला सगळ्यांसमोर मिळाला असता. पण नाही म्हणणं म्हणजे गणपतच्या देखत कबूल करणं की घरची रीत मी मोडली. काकांनी क्षणभर मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "मंग ठीक," म्हणाले आणि दोरी ओढली.

मशीन लाकडाला लागली आणि पहिल्या दोन क्षणांत तिनं एवढे मोठे कपचे उडवले की गणपतनं बिडी तोंडातून काढली. ते पाहून मला आनंद झाला होता, हेही मी लिहून ठेवतो. मग साखळी लाकडात रुतली आणि मशीन उसळली. पट्टीचं टोक वर आलं. काकांनी मान बाजूला घेतली, हँडलवरचा डावा हात सुटला आणि साखळी पंजाच्या पाठीवरून गेली. मशीनच्या पुढच्या आडव्या दांडीला, म्हणजे तिच्या ब्रेकला, मनगट लागलं आणि साखळी जागीच थांबली, म्हणून हात राहिला. सगळ्यांच्या आधी गणपत धावला. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यानं हात इतका घट्ट बांधला की काका कण्हले, आणि धाडपासून बुलढाण्यापर्यंत जीपमध्ये तो हात वर उचलून धरून तोच बसला. बोलले ते काकाच, निम्म्या वाटेत, डोळे मिटलेले असताना. "मशीन घेतली का रे कोणी? ती तिथंच राहीन नाही तर."

डॉक्टरांनी टाके घातले, होईल तेवढं सगळं केलं. जखम भरली, पण डाव्या हाताची तीन बोटं मिटेनाशी झाली. अंगठा आणि त्याच्याशेजारचं बोट तेवढं चालायचं.

बाबा निरोप मिळताच आले. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, ओट्यावर बसून मशीन मांडीवर घेतली. चष्मा लावला, साखळीवर माप ठेवलं. माप नुसतं पडून राहिलं, त्याच्या फटीतून काहीच वर आलं नाही. त्यांनी साखळी एक दात पुढं ओढली आणि पुन्हा ठेवलं. असं करत ते निळीच्या टिपक्यापासून निळीच्या टिपक्यापर्यंत आले. मी गोठ्याच्या खांबाला धरून पाहत होतो. त्यांनी वर पाहिलं नाही.

दोन दिवसांनी काका घरी आले. त्यांची खाट अंगणात टाकली होती, सगळे भोवती होतो. काकूनं विचारलं की मशीन आजपर्यंत कधी अशी उसळली नाही, मग आताच काऊन उसळली. मी पाण्याचा लोटा घेऊन उभा होतो. बाबा म्हणाले, "राखणदार मी घासले होते जायच्या आधी. माह्या हातून जास्त झाले." काका आढ्याकडं पाहावं तसं वर आभाळाकडं पाहत राहिले. काकू उठून आत गेली.

त्या दिवसापासून वाटी बंद झाली. मायनं एकदा आंबाडीची भाजी पाठवली, ती झाकलेली तशीच परत आली. बाबा अंगणात आले की काकू पाठ करायची. पातोडीचा वास पूर्वीसारखा यायचा, आमच्या ओट्यापर्यंत यायचा, आणि बाबा ठेच्याशी भाकर मोडून खात राहायचे. मी त्यांच्या समोर बसून तेच खायचो. मला मात्र काकू अधूनमधून हाक मारून पातोडी द्यायची, आणि मी ती खायचो. ते घास कसे गिळले असतील ते आज मला समजत नाही, पण गिळले. मशीन खुंटीवर गेली, पेटी फळीवर गेली. सकाळचा कानशीचा आवाज बंद झाला आणि गोठ्यातून एकच धार ऐकू यायला लागली. काका हट्टानं म्हैस काढायचे, एका हातानं. एक धार, मग तेवढीच रिकामी जागा, मग पुन्हा एक धार. मी अंथरुणात पडून त्या रिकाम्या जागा ऐकायचो.

एकदा शेतातून येताना बाबांनी विचारलं, "तुले काही सांगायचं आहे का?" मी म्हटलं, नाही. ते बरं म्हणाले आणि चालू लागले. हे माझं दुसरं खोटं. पहिलं एका शब्दाचं होतं, हेही एका शब्दाचंच.

एका सकाळी काकांना पारडाचं दावं सोडता येईना. उजव्या हातानं बादली सांभाळत ते डाव्या अंगठ्यानं आणि बोटानं गाठीशी झटत होते, आणि शेवटी त्यांनी वाकून दातांनी गाठ ओढली. मी गोठ्याच्या दारात होतो. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी आत गेलो, गाठ सोडली, आणि ते म्हशीखाली बसले तसा त्यांच्याजवळ उकिडवा बसून म्हणालो, "काका, राखणदार मी घासले. बाबांनी नाही."

धार थांबली नाही. "माहीत आहे," ते म्हणाले. "माह्या भावानं मापाशिवाय कधी राखणदाराले हात लावला नाही. मले शिकवतो का?"

"आन पहिला काप घेतला नव्हता."

"ते बी माहीत आहे. पट्टीले भुशाचा कण नव्हता. तेल जसंच्या तसं चमकून राह्यलं होतं."

मग मशीन सुरूच कशाला केली, असं मी कसंबसं विचारलं.

त्यांनी हात थांबवला. "चार माणसांत तुले खोटं पाडू काय? गणपत उभा होता तिथं. म्हटलं, दात तर पोट्ट्यानं चांगले लावले दिसतात, हलक्या हातानं पाहू. राखणदार पाह्यले नाहीत मी. ती माही चूक, ती तू घेऊ नोको." मग पुन्हा धार काढू लागले, आणि जरा वेळानं म्हणाले, "आन मले कायले सांगून राह्यला? मले यात नवीन काही नाही. जिनं तुह्या बाबाची वाटी बंद केली, तिले सांग."

काकांना सांगायला मला अख्खा उन्हाळा आणि वर आणखी काही आठवडे लागले होते. काकूला सांगायला अंगण ओलांडण्याइतकाच वेळ मी घेतला. थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात उभा राहून सगळं सांगितलं, माप पेटीत ठेवलं तेही, कपचे उडाले तेव्हा आनंद झाला तेही. तिचे हात परातीत चालतच राहिले. भाकर तव्यावर टाकून, तिला पाणी फिरवून ती म्हणाली, "पहिला काप कायले घेतात, हे तुले माहीत होतं?"

"होतं."

"आन तुह्या बाबानं माह्यासमोर सांगितलं, तवा तू तिथंच होता."

"होतो. लोटा घेऊन."

ती तव्यावरची भाकर उलटवू लागली. मला वाटलं, आता पातोडी मलाही बंद. ती झाली असती तर मला हलकं वाटलं असतं. पण दुपारी तिनं मला हाक मारली. पितळी वाटी ताटलीनं झाकून ओट्याच्या कडेवर ठेवली होती, ताटली रश्श्याच्या वाफेनं ओली झाली होती. "हे बाबाले नेऊन दे," ती म्हणाली. "मी दिली म्हणून नोको सांगू. तू काऊन आणली, ते सांग."

वीस पावलांचं ते अंगण. वाटीचा चटका दोन्ही हातांना बसत होता. बाबा जेवायला बसलेले होते. मी वाटी त्यांच्या ताटाशी ठेवली आणि उभ्यानंच सांगितलं, की मी काकूला सगळं सांगितलं आहे. माय चुलीजवळून वळून पाहू लागली. बाबांनी ताटली उचलली, भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, खाल्ला. त्यांच्या नाकातून पाणी आलं, ते त्यांनी खांद्याला पुसलं. मग म्हणाले, "जेवून घे. आन मंग पेटी काढ."

संध्याकाळी ओट्यावर त्यांनी नवी साखळी चढवली आणि चारदा धार लावावी इतकी ती माझ्याकडून घासून घेतली, मुद्दाम, राखणदार वर यावेत म्हणून. मग माप माझ्या हातात दिलं. प्रत्येक राखणदारावर ते ठेवून मी दोन-दोन हात मारले. अंगणाच्या त्या बाजूनं काका येऊन बाभळीच्या ओंडक्याजवळ उभे राहिले. काकू दारात होती. मी मशीन सुरू केली आणि ओंडक्यावर पहिला काप घेतला. तो सरळ गेला.

बाबा आता नाहीत. त्यांनी ते आपल्या अंगावर का घेतलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. बिघडवलेली साखळी त्यांनी फेकली नव्हती. पेटीच्या वर खिळ्याला ती अजून टांगलेली आहे, एका दातावरची निळीची खूण पुसट झाली आहे. शिकायला येणाऱ्या पोरांच्या हातात मी आधी तीच देतो आणि माप ठेवून पाहायला लावतो. ही कुणाची साखळी, असं कुणी विचारलं तर माझी म्हणून सांगतो.

त्या पावसाळ्यापासून म्हैस आम्ही दोघांनी काढली, काका एका बाजूला आणि मी दुसऱ्या, आणि बादलीत पुन्हा दोन धारा पडू लागल्या. काकूही आता थकली, पातोडी माझी बायको करते, पण वाटी तीच आहे. काका दिवसभर ओट्यावर बसतात. त्यांना कमी दिसतं. मशीनचा आवाज ऐकला की मात्र ते आत्ताही ओरडून विचारतात, "घेतला का बे पहिला काप?"

मी त्या प्रश्नाला परत कधी हाव म्हटलेलं नाही. मशीन बंद करतो, ओंडक्याखालचा भुसा चिमटीत घेतो आणि त्यांच्यापाशी जाऊन त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवतो. ते अंगठ्यानं आणि त्या एका बोटानं तो हळूहळू चोळून पाहतात. पीठ झालं आहे का, कपचे जाड आहेत का, ते त्यांना बरोबर कळतं. कधी म्हणतात, पुन्हा लाव. बहुतेक वेळा काही न बोलता भुसा फुंकून टाकतात, आणि मग मी कामाला लागतो.